टेबलावर ठेवले की बाजूला सारले?

"लेट्स टेबल इट," असे आजच्या ऑनलाइन बैठकीत अमेरिकी सहकारी म्हणाला आणि माझा मुद्दा आता चर्चेला येणार, या समजुतीने मी कागद सरसावून बसलो. पुढच्याच क्षणी त्याने दुसराच विषय काढला.

नंतर शब्दकोश उघडला तेव्हा उलगडा झाला. ब्रिटिश इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ विषय चर्चेला मांडणे असा आहे, तर अमेरिकी इंग्रजीत तोच विषय लांबणीवर टाकणे असा. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांत बराच वेळ वाद झाल्याचे चर्चिल यांनी लिहून ठेवले आहे. गंमत म्हणजे मूळ मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे एकमतच होते.

माझा मुद्दा मात्र अजून कागदावरच आहे. माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ त्याला दिसला असेल का?