नंबर कुणाचा?

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, पहिल्या दिवशी आम्ही शिकाऊंनी फक्त बघायचं असतं. पण बघायला उभं कुठे राहायचं, हे कुणी सांगत नाही. भिंतीला टेकले तर मागे ऑक्सिजनचा पॉइंट, दाराशी थांबले तर स्ट्रेचरची वाट. वॉर्डबॉय मामा दिवसभर ‘मॅडम, बाजूला’ करत मला सरकवत होते. माझा अ‍ॅप्रन मात्र इतका कोरा पांढरा की केसपेपर कुठे, एक्सरे कुठे, हे सगळे मलाच विचारत. तेही ‘सिस्टर’ म्हणून. खऱ्या सिस्टरना विचारायची कुणाची छाती नव्हती.

मुंबईकराला रांग पवित्र. बेस्टच्या थांब्यावर, शेअर टॅक्सीला, लिफ्टसमोरसुद्धा आपण निमूट उभे राहतो. कॅज्युअल्टीत मात्र आधी आलेल्याला आधी बघत नाहीत, जास्त बिघडलेल्याला बघतात. नातेवाइकांची निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. त्यात ज्याच्या घशात ओरडण्याइतकी ताकद आहे, त्याचा श्वास ठीक चाललाय, हे डॉक्टरांना लगेच कळतं. म्हणजे आवाज चढवून नंबर मागेच जायचा!

मांजाने बोट कापलेला एक पोरगा ‘आम्ही आधी आलोय’ म्हणून तावातावाने बोलत होता. त्याच्यामागे एक आजोबा बाकावर गप्प बसलेले. गॅस झालाय म्हणाले. खिशात पाचक गोळ्यांची पट्टी, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. सिस्टरनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, “यांना आत घ्या. ईसीजी.”

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत व्हायला हवा, हे पुस्तकात वाचलेलं. ईसीजीच्या वायरींचे रंग, उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्या पायाला काळा, हेही पाठ होतं. पण घामावर छातीला चिकटवायचे ईसीजीचे रबरी फुगे टिकत नाहीत, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लावला की सटकायचा. शेवटी मावशींनी गॉजने छाती खसाखसा पुसली, तेव्हा कुठे कागद सरकू लागला. दोन, तीन आणि एव्हीएफ, हृदयाचा खालचा भाग दाखवणाऱ्या या तिन्ही लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या रेघांमध्ये, ‘एसटी’ नावाचा तुकडा वर उचललेला. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका असाच पोटाच्या नावाने येतो.

अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली, सुई लागली, आयसीसीयूला, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाला, फोन गेला. स्ट्रेचर निघालं, तसे आजोबा ओशाळून म्हणाले, “अहो, माझा नंबर त्या पोराच्या मागे होता.”

“होता. आता हात आत घ्या, दाराला लागेल,” मामा म्हणाले.