गादीवर कोण बसणार?

गांधीलमाशीची आणि आपली ओळख सहसा डंखातूनच होते. मग त्या जागी चुना लावायचा की लोखंड घासायचं यावर घरात वाद होतो, आणि छज्ज्याखालचं पोळं लांब काठीने पाडलं जातं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्या पोळ्यावरचं राजकारण आपल्यापेक्षा बरंच सभ्य असतं.

पोळं कागदाचं. लाकडाचे तंतू खरवडायचे, लाळेत चावून लगदा करायचा, त्याच्या षटकोनी खोल्या बांधायच्या. सुरवंट पकडून आणायचे, चावून पिल्लांना भरवायचे. हे सगळं माद्यांकडे. नर आठवडाभर आयतं खातात आणि उडून जातात. डंखसुद्धा त्यांना नसतो. मादीच्या अंडी घालायच्या अवयवाचाच पुढे डंख झाला.

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या 'रोपालिडिया मार्जिनाटा' या जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. माश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यायचे आणि कोण काय करतं ते टिपत बसायचं. (हेवा वाटावा अशी नोकरी!) त्यांना दिसलेली राणी अगदी थंड. कुणाला चावणं नाही, दटावणं नाही. पोळ्यावर पोट घासत फिरते, तिचा वास तिथे लागतो, आणि राणी जागेवर आहे हे बाकीच्यांना त्यावरून कळतं.

मग राणीला उचलून बाजूला केलं. अर्ध्या तासाच्या आत एक साधी कामकरी माशी एकदम आक्रमक झाली, दिसेल तिच्यावर धावून जाऊ लागली. बाकीच्यांनी निमूट ऐकून घेतलं. तिच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. आपल्याकडे अध्यक्षपद रिकामं झालं की दुसऱ्या दिवशी दोन गट आणि तिसऱ्या दिवशी कोर्ट! राणी परत आणून ठेवली तर ही बाई पुन्हा मुकाट कामाला. नाही आणली, तर साधारण आठवड्याने अंडी घालायला लागते आणि हळूहळू तीही थंड होते.

संशोधकांनी या वारसालाही उचललं. दुसरी पुढे आली. तिला काढलं, तिसरी. असे ओळीने पाच वारस निघाले, तरी मारामारी नाही. आकार, वय, दरारा, कशावरूनही पुढची कोण हे माणसांना आधी नेमकं ओळखता आलं नाही. माश्यांना मात्र ते ठाऊक असावं, असंच त्यांच्या वागण्यावरून दिसतं.