सुजलेला घोटा आणि आमचा जळव्या

गेल्या महिन्यात कृष्णेच्या घाटावर पाय घसरला. पायरीला शेवाळ होतं, पण चूक माझीच, नजर फोनमध्ये. दुकान उघडेपर्यंत घोटा असा सुजला की हाडाचा उंचवटाच दिसेना. दुपारी डब्याबरोबर सासूबाई आंबेहळद उगाळून घेऊन आल्या. ‘‘आई, मेडिकलमध्ये बसून हे लावू?’’ म्हणत मी लेप लावून घेतला. त्यांची पाठ वळल्यावर गोळीही घेतली.

‘‘सुजंची गोळी द्या,’’ हे तर मी दिवसभर ऐकते. आयबुप्रोफेन काय, डायक्लोफिनॅक काय, सगळ्यांचं काम एकच : कॉक्स नावाच्या एन्झाइमला अडवायचं. पेशीच्या पडद्यातून सुटलेल्या ॲराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिनं, म्हणजे सूज-दुखण्याचे निरोप पोचवणारी रसायनं, बनतात, त्यातली पहिली पायरी या कॉक्सची. त्याचे प्रकार दोन. कॉक्स-वन पोटाचं अस्तरही सांभाळतं, म्हणून तर ‘उपाशीपोटी घेऊ नका’ हा माझा जप. कॉक्स-टू मात्र इजा झाली की झपाट्यानं वाढतं. बी.फार्म.ला आम्ही त्याला सरळ खलनायक म्हणून पाठ केलं आणि मार्कही घेतले.

पाय स्टुलावर ठेवून बसायची वेळ आली, तेव्हा १९९९ सालचा एक प्रयोग नीट वाचला. लंडनच्या संशोधकांनी उंदरांच्या छातीच्या पोकळीत कॅरागीनन हा समुद्री शेवाळातला पदार्थ टोचून दाह निर्माण केला. दोन तासांनी कॉक्स-टू वाढलं, यात नवल नाही. पण ४८ तासांनी, दाह ओसरत असताना, ते पुन्हा वाढलं आणि पहिल्यापेक्षा जास्त! आता मात्र सूज आणणारं ई-टू हे प्रोस्टाग्लँडिन फारसं नव्हतं, डी-टूच्या कुळातली होती. सुरुवातीला कॉक्स-टू अडवलं तर दाह कमी झाला. उशिरा अडवलं तर उलट चिघळला.

माझं माहेर वाळव्याकडचं, घरचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या आणि गुळव्यानं हाक दिली की जाळ कमी करणारा, माणूस एकच. कॉक्स-टूचंही तसंच. ते फक्त मधला पदार्थ बनवतं, त्याचं पुढं ई-टू करायचं की डी-टू, हे त्याच्यानंतरची एन्झाइमं ठरवतात.

ॲस्पिरिन तर याहून वस्ताद. ते कॉक्स-टूला पुरतं बंद पाडत नाही, त्याला चिकटून त्याचं कामच बदलतं. मग त्यातून निघणाऱ्या पदार्थापासून शेजारच्या पांढऱ्या पेशी लिपॉक्सिन या दाह शमवणाऱ्या रसायनाचा एक प्रकार बनवतात. लिपॉक्सिनं नव्या न्यूट्रोफिलांना, म्हणजे दाहाच्या जागी आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आवर घालतात आणि मेलेल्या पेशी गिळायला मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींना पुढं करतात. म्हणजे सूज उतरणं हे नुसतं थकून थांबणं नाही, ते वेगळं कामच आहे. हे मला पंधरा वर्षं दुकान चालवून कळलं, जरा लाजच वाटली.

उंदराच्या छातीवरून माझ्या घोट्याचा निकाल लागत नाही, हे मान्य. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी कुणी माझ्या सांगण्यावरून बंद करू नये. पण जुनी चिठ्ठी दाखवून ‘‘ताई, आणखी आठ दिवसांच्या द्या’’ म्हणणाऱ्याला मी आता आधी विचारते, सूज कितव्या दिवसाची?

चौथ्या दिवशी घोट्यावरच्या कातडीला सुरकुत्या पडल्या, हाड दिसायला लागलं. पाय पिवळा-हिरवा झालेला, त्यात हळद किती आणि मुका मार किती ते कळेना. सासूबाईंनी बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘बघ, लेपानं उतरली.’’ गोळीचं अजून सांगितलेलं नाही.