डल एक की दोन्ही?

आज सीएसएमटी ते मुलुंड उभ्याने आलो, गुडघ्यांनी पार संप पुकारला म्हणून तसाच डॉक्टरकडे गेलो तर ते विचारतात शार्प पेन आहे की डल एक (dull ache, म्हणजे मंद दुखणं), मी म्हटलं एक नाही हो, दोन्ही! कंपाउंडर फिसकन हसला 😅

घरी येऊन शोधलं. हा 'एक' (ache) शब्द जुन्या इंग्रजीतला, क्रियापद 'अकान', आणि नामाचा उच्चार पूर्वी चक्क 'एच' व्हायचा. १७५५ च्या डिक्शनरीवाल्या सॅम्युअल जॉन्सनला वाटलं हा ग्रीक 'आखोस'वरून आलाय, म्हणून सीएचवालं स्पेलिंगच पक्कं झालं, म्हणजे चूक त्याची आणि स्पेलिंग पाठ करून छड्या खाल्ल्या आम्ही.

आपल्याकडे ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. डल एकला आई म्हणते, "मेलं आतल्या आत दुखतंय."

बाम पण संपलाय.