कोल्हापूर ते ल्विव्ह: स्वेटरची बॅग घरीच ठेवा

सलाम मंडळी, ऑक्टोबरात आम्ही चौघं जण चर्चकडनं मदत घेऊन युक्रेनच्या पश्चिमेकडच्या ल्विव्ह शहरात जाऊन आलो, तवापासनं रोज कोणीतरी फोन करून विचारतंय कसं गेला, काय नेलं, म्हणून एकदाच सगळं टाइप करते.

२०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं तेव्हापासनं तिथं प्रवासी विमानं उतरत नाहीत, म्हणून आम्ही पोलंडमधनं शिरलो. शेंगेन व्हिसा (पोलंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) मल्टिपल एंट्रीचाच मागा, नाहीतर परत येताना बॉर्डरवर बसाल. युक्रेनचा व्हिसा वेगळा. आणि साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये युद्ध धरत नाहीत हां, बारीक अक्षरं वाचा.

महालक्ष्मीनं मुंबई, पुढं विमानानं वॉर्सा, तिथनं रेल्वेनं प्शेमिशल, पोलंडचं बॉर्डरजवळचं गाव (हे नाव आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना शेवटपर्यंत जमलं नाही). इथं गाडी बदलायची कारण पोलंडमध्ये दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर आणि युक्रेनमध्ये १५२०, पासपोर्ट स्टेशनातच बघतात, लाइन लई मोठी, त्यामुळं भडंग बॅगेत खाली टाकू नका. घड्याळ पोलंडपेक्षा एक तास पुढं करा.

आता स्वेटर. आम्ही दोन बॅगा भरून गोळा केलेले स्वेटर नेले आणि तिथल्या चर्चच्या तळघरात बघतो तर छतापर्यंत कपडेच कपडे. मला एकदम २०१९ चा पूर आठवला, शिरोळकडं शाळेच्या व्हरांड्यात फाटक्या साड्यांचे ढीग पडलेले आणि लोक विचारत होते प्यायला पाणी आहे का. तेव्हा आपणच शिव्या घातल्या होत्या आणि आता आपणच तेच करतोय. पैसे न्या, तिथं दुकानं चालू आहेत, चर्चच्या किचनवाल्या मावशींना विचारून रिव्नियात (तिथलं चलन) खरेदी करा. आमच्या सामानातलं खरं कामाला आलं ते पॉवर बँक आणि डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या, कारण वीज केंद्रांवर हल्ले होतात आणि लाइट कधी जाईल नेम नाही.

पाळकसाहेब सात प्रवचनं तयार करून आले होते. मावशींनी हातात सोलाणं दिलं. तीन दिवस बटाटे सोलले बिचाऱ्यांनी. चौथ्या दिवशी खार्किव्हहून आलेल्या एका ऑर्थोडॉक्स आजींनी मोबाईलवर भाषांतर करून सांगितलं, तुमच्या भाषेत बायबलातलं स्तोत्र ९० वाचा. साहेबांनी खूश होऊन ९० काढलं, म्हणजे माणूस मातीला मिळतो, आयुष्य सत्तर-ऐंशी वर्षांचं वगैरे, आणि आजी अठ्ठ्याहत्तरच्या! तिथल्या एका पोरीनं फोनमध्ये बघितलं आणि तिला हसू आवरेना. त्यांच्या परंपरेत बरीचशी स्तोत्रं आपल्यापेक्षा एका नंबरनं मागं असतात, आजींना आपलं ९१ पाहिजे होतं, संकटात आसरा देणारं. आजीही हसल्या, मग ९१ वाचलं, तेवढ्यात सायरन, पण आम्ही तळघरातच होतो त्यामुळं कोणी उठलंच नाही. साहेबांच्या सात प्रवचनांपेक्षा तो अर्धा तास भारी झाला असं माझं मत, साहेबांना सांगू नका.

सायरनचं ॲप पोचायच्या आधीच टाकून घ्या. शेल्टर लांब असेल तर खिडकीपासनं दोन भिंती आत बसायचं. रात्री बारा ते पाच कर्फ्यू. सैनिक, चेकपोस्ट यांचे फोटो अजिबात नको, मिलिटरी रंगाची पँटही घरी ठेवा. सकाळी ९ ला युद्धात मेलेल्यांसाठी एक मिनिट शांतता असते, रस्त्यात असाल तर थांबा, आमच्यातला एक जण फोनवर बोलत चालत राहिला आणि सगळे बघायला लागले, मेल्याहून मेल्यासारखं झालं. भेटल्यावर ‘स्लावा इसुसू ख्रिस्तू’ (येशू ख्रिस्ताला गौरव) म्हणा, ‘स्लावा नाविकी’ (सदासर्वकाळ गौरव) असं उत्तर येतं, ल्विव्हकडं एवढ्यावर दार उघडतं.

निघताना मावशींना विचारलं पुढच्या ग्रुपनं काय आणायचं. सेल, जखमेच्या पट्ट्या, आणि तो लाल मसाला. कांदा-लसूण मसाला म्हणजे, बोर्शमध्ये (तिथलं बीटाचं सूप) घातलेला त्यांनी. दोन किलो सांगितलाय.