तुम्ही विचारलंत म्हणून : काका, ती ट्यूब आता का देत नाही?

हा प्रश्न माझ्याकडे नेहमी दबक्या आवाजात येतो. दुकानात दुसरं कुणी नाही ना, हे आधी बघायचं, मग काउंटरवर वाकायचं. "काका, मागच्या वेळची ती ट्यूब द्या की. एका दिवसात गुण येतोय तिनं."

इचलकरंजीत माझं मेडिकल आहे. निम्मं गिऱ्हाईक यंत्रमागावरचं. बारा तासांची पाळी, पत्र्याखालचा उकाडा, घामात चिकटलेला कापूस, वर अंगाला घट्ट जीन्स. जांघेत नि कमरेला गजकर्ण उठायला आणखी काय पाहिजे?

आधी कबूल करतो, ती ट्यूब मीही कित्येक वर्षं विकली आहे. चिठ्ठी न बघता, सुटे पैसे परत देता देता. तीत बुरशीचं औषध असतं, जोडीला एखादं अँटिबायोटिक, आणि क्लोबेटासॉलसारखं जबरदस्त स्टेरॉइड. एका दिवसात येणारा गुण या स्टेरॉइडचा. खाज आणि लाली म्हणजे आपलं शरीर बुरशीशी भांडत असल्याची खूण, आणि स्टेरॉइड ते भांडणच बंद पाडतं. कुत्रं भुंकायचं थांबलं म्हणून चोर गेला असं होत नाही. चट्टा फिका पडतो, माणूस ट्यूब टाकून देतो, खाली बुरशी निवांत पसरत राहते. महिन्याभरात तोच माणूस पुन्हा काउंटरवर, चट्टा दुप्पट.

पूर्वी डॉक्टर टर्बिनाफिनची 250 मिलिग्रॅमची गोळी द्यायचे. रोज एक, दोन आठवडे, की विषय संपला. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं, ते तयार करणारं एक एन्झाइम ही गोळी बंद पाडते. हळूहळू माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्या लांबत गेल्या. दोनाचे चार आठवडे, चाराचे आठ, मग टर्बिनाफिन जाऊन इट्राकोनाझोल. तेव्हा मला वाटायचं, लोक गोळ्या मध्येच सोडतात. सोडतातही. पण बुरशीही बदलली होती. त्या एन्झाइममधला एखादाच अमिनो आम्लाचा दुवा बदलला की टर्बिनाफिनला तिथं धरायला जागा उरत नाही. अर्धवट उपचारात अशा चिवट बुरशीचं फावतं. कमजोर तेवढी मरते, चिवट मागं राहते आणि टॉवेलावरून घरभर जाते.

2020 साली जपानी संशोधकांनी या बुरशीला वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. त्यांना ती भारतातून आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांच्या त्वचेवर सापडली होती. नावातच आपला देश! 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद झाली. त्यांतली एक तर कुठं परदेशी गेलीही नव्हती.

"मग नवीन औषध काढत नाहीत का?" हा पुढचा प्रश्न. काढणं अवघड आहे. बॅक्टेरिया आपल्यापेक्षा फार वेगळे, त्यामुळं त्यांना मारून माणसाला वाचवणं त्या मानानं सोपं. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीच्या भाऊबंदांतली. तिला लागणारं विष बऱ्याचदा आपल्यालाही लागतं, म्हणून बुरशीवरच्या औषधांची घराणी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी लोक माझ्यासारख्या छोट्या दुकानातही फोन करून अँफोटेरिसिन विचारत होते. एक गेलं तर दुसरं घ्यायला फारसं काही नसतं, हे मला तेव्हा कळलं.

2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 19 धोकादायक बुरश्यांची यादी केली. गजकर्णाची बुरशी तीत नाही. बरोबरच आहे, त्यानं माणूस मरत नाही. पण रात्र रात्र खाजवणाऱ्याला, बायकोपासून अंग लपवणाऱ्याला हे कुणी सांगायचं?

2018 मध्ये सरकारनं त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. त्या कायद्यामुळं मी सुधारलो असं सांगितलं तर खोटं ठरेल. मी थांबलो ते एका पोरामुळं. विशीतला, मागावरचा. मागच्या खोलीत त्यानं पँट खाली करून मांड्या दाखवल्या. बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे जांभळे वळ, कातडी फाटल्यासारखी. दोन वर्षं तीच ट्यूब, निम्म्या माझ्याच दुकानातल्या. वळ आता कायमचे.

म्हणून आता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा म्हणतो. डॉक्टर जेवढे दिवस सांगतील तेवढे दिवस गोळ्या खा, चट्टा दिसेनासा झाला तरी. टॉवेल वेगळा, कपडे कडक उन्हात. यानं गिऱ्हाईक तुटतं. चार दुकानं सोडून ती ट्यूब मिळते, हे मलाही माहीत आहे आणि त्यांनाही.

परवा एकजण चिडला. "पूर्वी तर तुम्हीच देत होता की!"

मी त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला खाजतंय?"

"सगळ्यांनाच," तो म्हणाला.