फ्रीझरमधली टिक्की

आई येऊन आठवडाही झाला नव्हता. नवरात्र चालू होतं. खिचडीत घालायला खवलेलं खोबरं काढावं म्हणून तिनं फ्रीझर उघडला आणि तिथूनच हाक मारली, "अगं, मटारच्या पिशवीखाली हे काय ठेवलंयस?"

तिच्या हातात एक काळी, गोल वस्तू होती. अनारशाएवढी, पण जाडीला चांगली इंचभर, आणि बर्फाचा पांढरा भुगा लागलेली. तिनं ती ओट्यावर आपटून पाहिली, नाकाशी नेऊन वास घेतला. मी म्हटलं, "आई, तो पक आहे. आइस हॉकीचा चेंडू." ती चेंडू म्हणून काही मानायला तयार होईना, कारण चेंडू गोल असतो, चपटा नसतो. मग चिरंजीव धावत आले आणि आजीला समजावू लागले. पक कडक रबराचा असतो, वजन साधारण १७० ग्रॅम. साध्या तापमानाला तो बर्फावर टप्पे घेतो, उसळतो, म्हणून खऱ्या मॅचच्या आधी तो गोठवून ठेवतात. मोठे खेळाडू करतात तेच आपण करायचं, म्हणून आमच्या बारा वर्षांच्या खेळाडूनंही दोन पक फ्रीझरात ठेवलेले. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रबर फ्रीझरात, आणि माझं मेतकूट जागा नाही म्हणून बाहेर."

लोकांचे आईवडील इकडे कॅनडात, टोरांटोला लागून असलेल्या आमच्या मिसिसागात, उन्हाळ्यात येतात. ट्यूलिप बघतात, नायगारा बघतात, मागच्या अंगणात मेथी लावतात. माझी आई ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली, सहा महिन्यांसाठी, ऐन थंडी अंगावर घ्यायला. कराडच्या घराची कामं, भावाकडचं लग्न, सगळं उरकता उरकता तोच मुहूर्त उरला होता. जावयाच्या घरी सहा महिने राहायचं याचा संकोच वेगळाच. पहिले काही दिवस ती सोफ्याच्या अगदी कडेला बसायची, एसटीत कुणीतरी सरकून जागा दिल्यासारखी.

त्याच आठवड्यात, ९ ऑक्टोबरला, टोरांटो मेपल लीफ्सचा, म्हणजे इथल्या आइस हॉकी टीमचा, २०२४-२५ चा हंगाम सुरू झाला. संध्याकाळचे सात म्हणजे आईच्या अंगातल्या घड्याळात पहाटेचे साडेचार. ती टक्क जागी. नातवाशेजारी जाऊन बसली. मॅच माँट्रियालला होती आणि लीफ्स १-० अशी हरली. तासन्‌तास बारा माणसं बर्फावर धावली आणि गोल झाला एक, तोही समोरच्यांचा. मला वाटलं, ही आता परत काही बघायची नाही. ती म्हणाली, "मग आता परत कधी आहे?"

लीफ्स हे नाव तिला काही पटलं नाही. पान म्हटल्यावर हिरवं असावं, फार तर लाल, कॅनडाच्या झेंड्यावर आहे तसं. यांच्या छातीवरचं पान निळं. "निळं पान कुठल्या झाडाला असतं?" असं तिनं विचारलं आणि त्यांचं 'पानं' असं नाव ठेवून दिलं. "आज पानांची मॅच आहे का रे?" आमच्या घरात मग तेच रुळलं.

खरं सांगायचं तर मी या शहरात सोळा वर्षं राहून लीफ्सच्या फार जवळ गेले नव्हते. त्याला कारण आहे. ही टीम शेवटचा स्टॅन्ली कप, म्हणजे इथल्या हॉकीतला सगळ्यात मोठा चषक, जिंकली १९६७ साली. पैसा आहे, प्रेक्षक आहेत, तिकिटांचे भाव ऐकून भोवळ येते, आणि दर वसंतात काहीतरी होतं. सातव्या, निर्णायक मॅचमध्ये बॉस्टनकडून हरणं हा तर जवळजवळ कुळाचार: २०१३, २०१८, २०१९, २०२४. त्यातही २०१३ ला शेवटच्या पिरियडमध्ये ४-१ अशी आघाडी घेऊन हरले. ऑफिसात त्या दुसऱ्या दिवशी कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी नवीन होते, मला वाटलं नोकरकपात जाहीर झाली. तेव्हापासून मी ठरवलं होतं, लांबून नमस्कार. आईला असलं काही ठाऊक नव्हतं. तिनं सरळ पदर खोचला.

त्या हंगामात ८२ मॅचेस आहेत हे ऐकून ती थोडी हबकली. "एवढं खेळून मिळतं काय?"

"प्लेऑफमध्ये जायला मिळतं, आजी."

"तिथं?"

"तिथं चार राउंड. प्रत्येक राउंडला चार मॅच जिंकायच्या. सोळा जिंकल्या की कप."

"म्हणजे ब्याऐंशी पेपर देऊन फक्त परीक्षेला बसायची परवानगी!" कराडच्या शाळेत तीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला ही पद्धत काही मान्य झाली नाही. पण ब्याऐंशी म्हणजे आठवड्याला तीन-चार संध्याकाळी काहीतरी असणार, हे मात्र तिला पुरेपूर पटलं. पाच वाजता अंधार पडणाऱ्या देशात संध्याकाळ फार लांब असते.

नियम तिनं तिच्या हिशेबानं लावून घेतले. खेळाडू पाऊण मिनिट जीव खाऊन पळतो आणि मॅच चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बाहेर, त्याच्या जागी दुसरा आत. "सत्यनारायणाला तोंड दाखवून गेल्यासारखे येतात नि जातात." दांडगाई केली की दोन मिनिटं काचेच्या खोलीत एकट्यानं बसायचं, तोवर टीमनं एक माणूस कमी घेऊन खेळायचं. ही शिक्षा तिला फार आवडली. वर्गाबाहेर उभं करण्यापेक्षा बरी, कारण आतलं सगळं दिसत राहतं आणि आपल्यामुळे बाकीच्यांचे हाल होतायत हेही दिसतं. ऑफसाइड तिनं सोडून दिला. मीही सोडलेलाच आहे.

शनिवारी पंजाबी कॉमेंट्री लागायची. हॉकीचं पंजाबी प्रक्षेपण कॅनडात २००८ पासून आहे, आणि इंग्रजीच्या मानानं आईला ते कितीतरी जवळचं. पकला तिथं 'टिक्की' म्हणतात, आलू टिक्कीतली. जोरात हाणलेल्या स्लॅप शॉटला 'चपेड शॉट'. आईला चपेड शॉट समजावून सांगायची गरज पडली नाही. फ्रीझरमधल्या काळ्या वस्तूलाही त्या दिवसापासून टिक्कीच म्हणू लागलो, आणि एकदा नवऱ्यानं खरोखरीच्या टिक्क्या गोठवून ठेवल्या तेव्हा बराच घोळ झाला.

जानेवारीत एकदा नवऱ्याच्या ऑफिसातून तीन तिकिटं मिळाली. जावईबापूंनी आपलं तिकीट सासूला दिलं, तेव्हापासून ती सोफ्यावर पूर्ण टेकून बसू लागली हे मी लक्षात घेतलं आहे. साडीवर जाकीट, पायात बर्फाचे बूट, डोक्यावर नातवाची निळी टोपी, अशी आम्ही लोकलनं युनियन स्टेशनला आलो. मॅचला वेळ होता, म्हणून चिरंजीवांनी आधी कार्लटन रस्त्यावर नेलं. तिथं मेपल लीफ गार्डन्सची पिवळसर विटांची जुनी इमारत आहे. १९३१ पासून १९९९ पर्यंत लीफ्स तिथं खेळत. आता तळमजल्यावर भलंमोठं किराणा दुकान आहे, आणि त्याच्या पंचविसाव्या रांगेत जमिनीवर एक लाल ठिपका काढलाय: जुन्या रिंकचा बरोबर मध्य. लोक ढकलगाड्या घेऊन त्यावरून जातात.

आम्ही आईला त्या ठिपक्यावर उभं केलं. "इथंच जिंकले होते, आजी. २ मे १९६७."

आई खाली बघत राहिली. "सदुसष्ट म्हणजे आमच्या भूकंपाचं साल," ती म्हणाली. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे. तेव्हा ती नऊ वर्षांची, पाटणजवळच्या गावात. घर पडलं, माणसं वाचली, आणि पुढचा सगळा हिवाळा त्यांनी अंगणात कडब्याची खोप करून काढला. "मेमध्ये हे जिंकले, डिसेंबरात आमचं घर पडलं. आणि तेव्हापासून हे जिंकलेच नाहीत?"

"नाही."

"आमचं घर तर दोन वर्षांत उभं राह्यलं."

तिथल्या तिथं चिरंजीवांनी बिल बारिल्कोची गोष्ट सांगितली. १९५१ साली ओव्हरटाइममध्ये यानं गोल मारून लीफ्सना कप जिंकून दिला. त्याच उन्हाळ्यात तो मासेमारीला गेला आणि विमानासकट नाहीसा झाला. लीफ्स पुढे थेट १९६२ साली जिंकले, आणि त्याच वर्षी जंगलात त्या विमानाचे अवशेष सापडले. मी ही गोष्ट योगायोग म्हणून ऐकली होती. आईनं ती अर्थातच तशी ऐकली नाही. "मग आताही कुणाचं तरी राहून गेलं असणार. त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून या म्हणावं एकदा." टोरांटोतल्या क्रीडासमीक्षकांनी अठ्ठावन्न वर्षांत यापेक्षा फार वेगळा उपाय सुचवलेला माझ्या ऐकिवात नाही.

मैदानात आमची जागा इतक्या वर होती की खेळाडू मुंग्यांएवढे. पण आईचं लक्ष लागलं ते मधल्या सुट्टीत. खेळ थांबला, दिवे उजळले आणि दोन मोठी यंत्रं बर्फावर आली. झँबोनी. स्केटच्या पात्यांनी ओरबाडलेला थर ते खरवडून पोटात घेतं, आणि मागून एक ओला, रुंद फडका गरम पाण्याचा पातळ हात देत जातो. गरम अशासाठी की चरे किंचित वितळून भरून येतात आणि मग सगळं एकसंध गोठतं. मागे चकचकीत ओला पट्टा उमटतो, त्याला लागून दुसरा, कुठं फट म्हणून नाही. आई रेलिंगला धरून उभी राहिली. "सारवतात की गं!" ती म्हणाली. "बघ, कडेनं कशी आधी घेतली. मधून सुरू करणारीचं सारवण कधी नीट होत नाही." खाली अठरा हजार माणसं बिअर आणायला उठली होती आणि माझी आई एका ड्रायव्हरचा हात बघत होती.

मग तिला डेव्हिड आयर्सबद्दल सांगावंच लागलं. २२ फेब्रुवारी २०२०, याच मैदानात पाहुण्या कॅरोलायना टीमचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले. अशा वेळी तेव्हा यजमान शहरातला एक राखीव माणूस कोणत्याही टीमसाठी उभा राहायचा. तो होता बेचाळीस वर्षांचा आयर्स, एकेकाळचा झँबोनी ड्रायव्हर, स्वतःची किडनी बदललेला. तो पाहुण्यांच्या बाजूनं उभा राहिला, पहिले दोन गोल खाल्ले, पुढचं सगळं अडवलं आणि लीफ्स आपल्याच घरी ६-३ अशा हरल्या. आई इतकी हसली की पुढच्या रांगेतले वळून बघू लागले. "सारवणाऱ्यानं हरवलं! बरं झालं." तेव्हा तिची बाजू नक्की कुठली, हे मला आजही सांगता येणार नाही.

फेब्रुवारीत चार देशांची स्पर्धा झाली तेव्हा मात्र तिला धक्का बसला. आमचा कप्तान ऑस्टन मॅथ्यूज अमेरिकेकडून, वर त्यांचाही कप्तान. मुलगा अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात वाढलेला, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा कॅनडा आणि अमेरिकेत कुरबुर जोरात होती, माँट्रियालमध्ये लोक अमेरिकेच्या राष्ट्रगीताला हुर्यो करत होते. फायनल कॅनडानं ओव्हरटाइममध्ये ३-२ अशी मारली, गोल मॅकडेव्हिडचा आणि पास आमच्याच मार्नरचा. "एकाच घरातले दोघं, एक हसतोय, एक रडतोय," आई म्हणाली. "उद्या एका खोलीत कपडे कसे बदलायचे ह्यांनी?"

पाडव्याला गुढी आपल्या दारात उभारायची म्हणून मार्चच्या शेवटी ती परत गेली. लीफ्स ५२ मॅच जिंकून आपल्या गटात पहिल्या आल्या, ते तिनं कराडहून ऐकलं. प्लेऑफ सुरू झाले तशी चिरंजीवांनी युक्ती काढली: टीव्हीसमोर फोन उभा करून आजीला व्हिडिओ कॉल. तिच्याकडे पहाट, मागे देवळाच्या कर्ण्यावर काकडआरती, आणि तिच्या तळहाताएवढ्या पडद्यात आमचा टीव्ही, टीव्हीत बर्फ. टिक्की दिसत नसणारच. तिचं लक्ष चेहऱ्यांकडे.

"ह्यांच्याकडे कुणी गेलंय का रे? सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या. सुतक आहे का?"

"नाही आजी. प्लेऑफमध्ये दाढी करत नाहीत. हरले की मगच करतात."

"म्हणजे सुतक लागेपर्यंत वाढवायची आणि लागलं की काढायची. उलटंच बाई तुमच्याकडे सगळं."

ओटावाला हरवलं. फ्लोरिडाविरुद्ध पहिल्या दोन जिंकल्या आणि मग तीन ओळीनं हरल्या. मी लांबून नमस्कार विसरून गेले होते. सहाव्या मॅचला, २-० जिंकली तेव्हा, शेजारच्या घरातली किंकाळी आणि माझी किंकाळी एकदमच निघाली. सातवी मॅच १८ मे, रविवार. आईकडे सोमवारची पहाट. दुसऱ्या पिरियडमध्ये फ्लोरिडानं तीन गोल मारले. आम्ही एक परत केला आणि मिनिटही न होता चौथा बसला. शेवटी ६-१. बर्फावर प्रेक्षकांच्या जर्सी येऊन पडू लागल्या, निळी पानं पालथी. चिरंजीव उठून आपल्या खोलीत गेले. दार आपटलं नाही, नुसतं लावलं.

फोनमधून आईचा आवाज आला, "हात मिळवतायत का?"

दोन्ही टीम रांगेनं समोरासमोरून जात होत्या. "मिळवतायत."

"झालं तर. आता दाढी करतील पोरं." तेवढ्यात तिच्या दाराची कडी वाजली. दूधवाला. फोन तिनं तसाच ओट्यावर उताणा ठेवला आणि गेली, आणि आम्हाला बराच वेळ कराडच्या स्वयंपाकघराचं छत दिसत राहिलं.